गल्फहून गावी आल्यावर गाडी हाती घेताना

दुबई, मस्कत, दोहा किंवा कुवेतला गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते आणि स्टीअरिंग डावीकडे असतं. तिथे काही वर्षं रोज गाडी चालवून मंडणगड, खेड, राजापूर किंवा सावंतवाडीला सुट्टीवर आलेल्या माणसाला इथे दोन्ही गोष्टी उलट्या करायच्या असतात. त्याचा हात इतका बसलेला असतो की गाडी चालवताना विचार करावाच लागत नाही, आणि खरा धोका त्यातच आहे. एक गोष्ट पक्की धरा. तिकडे काय आणि इकडे काय, चालक रस्त्याच्या मध्याच्या बाजूला बसतो आणि शेजारचा कडेच्या बाजूला. चालवताना गटार तुमच्या खांद्याशी आलं तर तुम्ही चुकीच्या बाजूला आहात. मनात शंका आली की आधी हीच खूण तपासायची.

पहिला दिवस चालवायचा नाही

विमान पहाटे मुंबईला उतरतं, बाहेर घरची गाडी उभी असते, आणि खेड धरलं तरी पुढे सव्वादोनशे किलोमीटर असतात. रत्नागिरी तर सव्वातीनशेच्याही पुढे. रात्रभर झोप नाही आणि बाजू बदललेली, अशा वेळी स्टीअरिंग घेऊ नका. भावाला किंवा ड्रायव्हरला चालवू द्या आणि तुम्ही पुढे डावीकडे बसा. ही जागा तुमच्या सवयीची, पण इथे समोर स्टीअरिंग नाही. तिथे बसून एकच गोष्ट बघत राहा: गाडीची डावी चाकं डांबराच्या कडेपासून किती अंतरावर धावतात. सुरुवातीला प्रत्येक मोरीजवळ तुमचा पाय नसलेल्या ब्रेकवर जाईल. तासा-दीड तासात ते कमी होतं आणि डावी कड डोळ्यांत बसू लागते. उद्या तुम्हाला याच अंदाजाची गरज लागणार आहे.

हात, पाय आणि दांड्या

पायांना काही नवं शिकायचं नाही. उजवीकडे ॲक्सिलरेटर, मध्ये ब्रेक, डावीकडे क्लच हा क्रम दोन्हीकडे सारखाच.

गिअरचं तसं नाही. गिअरचा नकाशा तोच राहतो, फक्त तुम्ही त्याच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसता. तिकडे पहिला-दुसरा गिअर तुमच्या मांडीजवळ होता, इथे तोच लांब, शेजारच्या सीटकडे आहे, आणि पाचवा तुमच्याकडे. म्हणून जुन्या सवयीने दांडी अंगाकडे ओढून पुढे ढकलली की पहिल्याऐवजी पाचवा पडतो आणि चढावर गाडी धडधडून बंद पडते. त्याहून वाईट म्हणजे वेगात असताना चौथ्याऐवजी दुसरा पडणं. इंजिन किंचाळतं आणि पुढची चाकं एकदम अडखळतात. ओल्या रस्त्यावर तेवढ्यानेही गाडी घसरू शकते. उपाय सोपा आहे. इंजिन बंद ठेवा, क्लच दाबा आणि डाव्या हाताने एक ते पाच आणि परत पाच ते एक असे गिअर न बघता टाका, दहा-बारा वेळा. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना दांडी आडवी ओढू नका. ती न्यूट्रलला आणून मोकळी सोडली की स्प्रिंगने आपोआप मध्ये येते, मग तळहाताने सरळ पुढे ढकला. रिव्हर्स कुठे आहे ते बॉलवर छापलेलं असतं, ते आधीच पाहून ठेवा. काही गाड्यांत रिव्हर्ससाठी दांडीखालची कडी वर उचलावी लागते.

तिकडे ऑटोमॅटिकची सवय असेल आणि इथली गाडी एएमटी (साध्याच गिअरबॉक्सची, पण क्लच आणि गिअर आपोआप चालणारी) असेल, तर तिच्यात बहुधा 'पी' नसतो हे लक्षात ठेवा. उतारावर उभी करताना हँडब्रेक पूर्ण ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवूनच बंद करा आणि चाकाखाली दगड लावा. चढावर थांबून निघताना एएमटी गाडी किंचित मागे येऊ शकते, त्यामुळे तिथेही हँडब्रेक वापरा.

इंडिकेटरची दांडी मारुती, ह्युंदाई, टाटा, टोयोटा या गाड्यांत उजव्या हाताला असते आणि वायपर डाव्या हाताला. तुमच्या तिकडच्या गाडीच्या बरोबर उलट. स्कोडा आणि फोक्सवॅगनमध्ये मात्र इंडिकेटर इथेही डावीकडेच. वळायच्या वेळी वायपर फिरला तर फारसं बिघडत नाही. पण पावसात वायपर लावायला जाऊन नकळत उजवा इंडिकेटर लागला, की मागचा ट्रकवाला त्यातून काहीतरी अर्थ काढतो, आणि तो अर्थ तुमच्या मनातला नसतो. म्हणून पावसाळ्यात निघण्यापूर्वी दोन्ही दांड्या हाताखालून घाला.

आतला आरसा आता डोक्याच्या डावीकडे आहे. तो आधी लावा, मग बाहेरचे. डावा आरसा गावच्या रस्त्यांसाठी नेहमीपेक्षा थोडा खाली झुकवा, म्हणजे मागच्या चाकाजवळची कड दिसते.

रांगोळीची रेघ

सगळ्यात जास्त चूक होते ती गाडी कुठे आहे याच्या अंदाजात. तिकडे तुम्ही स्वतःला लेनच्या डाव्या भागात ठेवत होता. इथेही शरीर तीच जागा शोधतं. दोन सीटांच्या मध्यांमधलं अंतर सव्वादोन-अडीच फूट असतं, त्यामुळे गाडी निदान तेवढी डावीकडे सरकते. शेखच्या देशातल्या रुंद हमरस्त्यावर ते चालून गेलं असतं. आपल्याकडे डांबर संपलं की साइडपट्टी खचलेली, पुढे उघडं गटार किंवा जांभ्याचा गडगा, आणि श्रावणात गटारावर कमरेएवढं गवत. चाक उतरलं की गाडी पोटावर टेकते.

शाळेचं मैदान किंवा सड्यावरची सपाट मोकळी जागा शोधा. जमिनीवर रांगोळीने किंवा चुन्याने वीसेक मीटर लांब सरळ रेघ मारा. ही रेघ म्हणजे रस्त्याची डावी कड. पहिल्या गिअरमध्ये हळू चालवत डावी चाकं रेघेपासून साधारण एक फुटावर ठेवायचा प्रयत्न करा, थांबा, उतरून टेपने मोजा. बरोबर एका फुटावर गाडी उभी राहिली की परत सीटवर नीट बसा आणि रेघ समोरच्या काचेच्या खालच्या कडेला कुठे भेटते ते पाहा. बहुतेक गाड्यांत ती बॉनेटच्या मध्याच्या आसपास भेटते. तुमची उंची आणि सीट यांवर थोडा फरक पडतो. नवख्याला वाटतं त्यापेक्षा ही जागा बरीच उजवीकडे असते. तिथे आतून चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावा. नंतर रस्त्यावर डांबराची कड त्या पट्टीवर आली म्हणजे तुम्ही कडेपासून फूटभर आहात, आणि कड पट्टीच्या उजवीकडे सरकली म्हणजे चाक उतरायला आलं. सीट किंवा गाडी बदलली तर पट्टी पुन्हा लावावी लागते.

मग पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या अडीच मीटरवर उभ्या करून मधून गाडी काढा. छोट्या गाड्या १.५ ते १.८ मीटर रुंद असतात, आरसे धरले तर आणखी फूटभर. जमू लागलं की फट २.२ मीटरवर आणा. मागे घेतानाही हेच करा, कारण खाडी ओलांडायच्या फेरीबोटीवर, दाभोळ-धोपावे असो की वेसवी-बागमांडला, कधी कधी उलट्या गाडीने चढावं किंवा उतरावं लागतं आणि दोन्ही बाजूंना हातभरच जागा असते. दोन-तीन तासांचा हा सराव पुष्कळ होतो.

रस्त्यावर

पहिली फेरी दुपारच्या निवांत वेळेला, ओळखीच्या रस्त्यावर, शेजारी इथला चालक बसवून करा. गणपतीत किंवा शिमग्यात आला असाल तर महामार्गावर पहिला हात मारू नका.

गर्दीत चूक कमी होते, कारण पुढची गाडीच वाट दाखवते. जुनी बाजू परत येते ती रस्ता रिकामा असताना आणि गाडी थांबून पुन्हा निघताना. पहाटे अंगणातून बाहेर पडताना, पेट्रोलपंपावरून, चहाच्या टपरीवरून, देवळाच्या आवारातून. सगळ्यात वाईट जागा म्हणजे रस्त्याच्या उजव्या कडेला थांबून निघणं: समोर कोणी नाही आणि गाडी आधीच चुकीच्या बाजूला आहे. म्हणून पहिले आठ दिवस थांबायचं ते डाव्या कडेलाच. स्पीडोमीटरशेजारी डावीकडचा मोठा बाण काढलेला कागद चिकटवा (स्टीअरिंगच्या मधल्या झाकणावर नको, तिथे एअरबॅग असते). गाडी सुरू करताना शेजाऱ्याने मोठ्याने "डावीकडे" म्हणायचं, असं ठरवून घ्या.

वळणांत डावं वळण आता छोटं आहे, कडेकडेने घ्यायचं. उजवं वळण मोठं: मध्यरेषेलगत या, समोरची वाहनं जाऊ द्या, मग आडवे होऊन पलीकडच्या रस्त्याच्या डाव्या बाजूला शिरा. तिकडे उजवीकडे सहज वळायची सवय असते, तीच इथे घात करते. रस्त्यावर शिरताना पहिली गाडी उजवीकडून येते, त्यामुळे उजवीकडे, मग डावीकडे, आणि निघण्यापूर्वी परत एकदा उजवीकडे पाहा. चालत रस्ता ओलांडतानाही हाच क्रम ठेवा. चौकातलं सर्कल, उदाहरणार्थ रत्नागिरीतलं मारुती मंदिर, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरायचं आणि उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं.

आता जी गोष्ट जिवावर बेतू शकते ती. अरुंद सागरी मार्गावर वळणातून एकदम एसटी समोर आली, की तुमचे हात सवयीने उजवीकडे वळतात. तिकडे ती सुटकेची दिशा होती. इथे ती एसटीच्या तोंडात जाते. शेजारी बसलेल्याला हे कळायच्या आत घडून गेलेलं असतं. म्हणून आधी ब्रेक दाबायची सवय लावा, कारण ब्रेकला बाजू नसते. वेग कमी झाला की डावीकडे दबायला वेळ मिळतो. त्यासाठी वेगच असा ठेवा की वळणावर जेवढा रस्ता दिसतो त्याच्या निम्म्यात गाडी थांबेल.

समोरच्याने डिपर मारला तर तो "या" म्हणत नाही, "मी येतोय, तुम्ही थांबा" म्हणतो. घाटातल्या आंधळ्या वळणावर हॉर्न वाजवणं इथे उद्धटपणा नाही, ते आवश्यक आहे.

परशुराम, आंबा, कुंभार्ली, फोंडा किंवा आंबोली घाट चौथ्या-पाचव्या दिवसाआधी घेऊ नका. आपल्या बाजूने डावं नागमोडी वळण जास्त आवळलेलं असतं, आणि मागचं डावं चाक पुढच्यापेक्षा आतून जातं. वळण लवकर कापलं तर तेच चाक गटारात पडतं, म्हणून थोडं पुढे जाऊन मग वळवा. उजव्या वळणावर मध्यरेषा ओलांडायचा मोह होतो. तो टाळा, कारण वरून येणारा ट्रकही तेच करत असू शकतो. रस्ता अरुंद असेल तिथे उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची. उतरताना गाडी न्यूट्रलला टाकू नका. ज्या गिअरने चढता आलं असतं त्याच गिअरने उतरा, ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड वापरा. सतत दाबलेला ब्रेक तापतो आणि आंबोलीच्या उतारावर नेमका हवा तेव्हा कमी धरतो.

दुचाकीला स्टीअरिंगची बाजू नसते, त्यामुळे "मी मध्याकडे आहे का" हे सांगणारं काहीच तिच्यावर नसतं. स्कूटर घेऊन दुकानात जाताना माणूस सहज उजव्या बाजूला लागतो. घरची स्कूटर हलकी म्हणून आधी तीच काढतात. आधी गाडीच काढलेली बरी.

परवाना

नुसत्या गल्फच्या परवान्यावर इथे चालवू नका. भारतीय परवान्याची मुदत सुट्टीवर निघण्याआधी सारथी पोर्टलवर (परवान्यांच्या सरकारी संकेतस्थळावर) पाहा. मुदत संपून एक वर्ष उलटलं असेल तर नूतनीकरणासाठी पुन्हा चाचणी द्यावी लागते, आणि सुट्टीचे आठवडे त्यातच जातात.

तिकडची गाडीच आणली असेल तर

कार्नेवर (गाडी जकात न भरता काही काळापुरती आणू देणाऱ्या कागदावर) तात्पुरती आणलेली डाव्या स्टीअरिंगची गाडी सहा महिन्यांच्या आत परत न्यावी लागते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२० प्रमाणे अशा गाडीला चालू स्थितीतलं यांत्रिक किंवा विजेवरचं सिग्नल देणारं साधन असणं बंधनकारक आहे. या गाडीत वरचा नियम उलटतो: तुम्ही गटाराकडे बसता आणि मध्याकडे कोणी नसतं. डावी कड हाताशी असल्याने अरुंद रस्त्यावर ती सोपी वाटते, अडचण आहे ओव्हरटेकची. ट्रकच्या मागे चिकटलात तर पुढचं काहीच दिसत नाही, म्हणून तीन-चार गाड्यांचं अंतर ठेवा. डाव्या वळणावर ट्रकच्या आतल्या बाजूने पुढचा लांब रस्ता तुम्हाला दिसतो, इथल्या चालकापेक्षा जास्त. तेव्हा पाहून ठेवा आणि ओव्हरटेक पुढच्या सरळ पट्ट्यावर करा. उजवीकडे बसलेल्या माणसाला "मोकळं आहे" सांगू द्या, पण स्वतः पाहिल्याशिवाय बाहेर पडू नका. या गाडीचा लो बीम उजवीकडे वर उठतो आणि समोरच्याचे डोळे दिपवतो, तेव्हा दिव्याच्या काचेवर त्या भागापुरती अपारदर्शक पट्टी लावा.

परत जाताना

सुट्टी संपवून गेल्यावर हे सगळं उलट फिरतं, आणि तिकडे वेग जास्त असतो. कामावरची पहिली गाडी हातात आली की बाणाचा तोच कागद उजवीकडे वळवून लावा. पहिले दोन-तीन दिवस डावं वळण घेताना मुद्दाम थांबून पाहा, कारण आता मोठं वळण ते आहे. राऊंडअबाउटला डावीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्या आणि उजवीकडे वळून शिरा.