दोघांची छोटी समुद्रसहल: आखताना या चुका टाळा

दोन रात्री, तीन दिवस असं आपण म्हणतो, पण हातात पूर्ण दिवस एकच असतो. पहिला पोचण्यात आणि खोली ताब्यात मिळेपर्यंत ताटकळण्यात जातो, तिसरा सामान आवरण्यात. तरीही यादीत किल्ला, दीपगृह, बाजार आणि तीन किनारे असतातच. निवांत शहर निवडून तिथं धावपळ करणं ही सगळ्यात मोठी चूक. अर्ध्या दिवसाला एकच गोष्ट ठरवा आणि एक दुपार मुद्दाम रिकामी ठेवा.

मनातलं न बोलता निघणं

एकाला पाण्यात डुंबायचं असतं, दुसऱ्याला सावलीत पुस्तक घेऊन पडायचं असतं. हे तिथं पोचल्यावर कळलं, तर तो एकुलता पूर्ण दिवस रुसव्याफुगव्यात जातो. म्हणून तिकीट काढण्याआधीच प्रत्येकानं आपली एक हवीच अशी गोष्ट सांगावी. खर्चाचा आकडाही तेव्हाच ठरवावा. आणि तास-दोन तास आपापलं फिरलात तर काही बिघडत नाही. संध्याकाळी एकमेकांना सांगायला नवं काहीतरी असतं.

भरती-ओहोटी न बघणं

याकडे फार कमी लोक लक्ष देतात, आणि खरी निराशा इथंच होते. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसाला दोनदा भरती येते आणि तिची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. तेव्हा भरतीला काही ठिकाणी चालायला वाळूच उरत नाही आणि ओहोटीला पाणी पार लांब जातं. लांबवर पायी फिरायचं असेल तर ओहोटीची वेळ धरा, मात्र खडकांच्या पलीकडे जाताना पाणी परत कधी चढणार हे आधी पाहा. किनारा पूर्वेचा असेल तर समुद्रात बुडणारा सूर्य सहसा दिसत नाही. तिथं पहाटे उठा.

पोहताना कधी प्रवाह आत ओढू लागला, तर किनाऱ्याकडे तोंड करून त्याच्याशी झुंजू नका. दम तिथंच संपतो. आधी किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर पडा, मग लाटांबरोबर तिरकं बाहेर या. ते जमत नसेल तर तरंगत राहा आणि हात वर करून मदत मागा. जीवरक्षक नसलेल्या जागी, दारू पिऊन किंवा अंधारात पाण्यात उतरूच नका.

फक्त फोटो पाहून खोली घेणं

‘समुद्र दिसतो’ म्हणजे खिडकीतून मान वाकडी करून दिसणारी निळी पट्टीही असू शकते. पाहुण्यांनी अलीकडे काढलेले फोटो बघा आणि किनाऱ्यापर्यंतचं अंतर चालण्याच्या रस्त्यानं मोजा. मध्ये खाडी असेल तर नकाशावरचं सरळ अंतर उपयोगाचं नाही.

घडी विस्कटलीच तर

पाऊस आला तर रिकामी ठेवलेली दुपार तेव्हाच वापरून टाका. ढगाळ हवेतही कातडी भाजते, त्यामुळे सनस्क्रीन दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावा. तरी भाजलंच, तर गार पाण्यानं अंघोळ करा, भरपूर पाणी प्या, दुसऱ्या दिवशी ऊन टाळा. फोड आले किंवा ताप चढला तर डॉक्टर गाठा. परतीसाठी दिवसातली शेवटची गाडी धरू नका. ती चुकली तर दुसरी नसते.