थ्रीडी नमुने शेअर करताना या चुका टाळा

मायक्रो-सीटीचा, म्हणजे छोट्या नमुन्यांच्या बारीक एक्स-रे स्कॅनचा, डेटा मागितला की बहुतेक जण नुसती एसटीएल फाइल (फक्त पृष्ठभागाचं थ्रीडी मॉडेल) पाठवून मोकळे होतात. एसटीएलमध्ये एकक नसतं. कवटीची लांबी १२ असं दिसतं, पण १२ काय? मिलिमीटर की व्हॉक्सेल (स्कॅनमधला सगळ्यात छोटा ठोकळा)? स्कॅनर प्रत्येक स्कॅनसोबत एक छोटी टेक्स्ट फाइल लिहितो, त्यात व्हॉक्सेलचा आकार, व्होल्टेज, फिल्टर सगळं असतं. जागा वाचवायला लोक नेमकी तीच उडवतात, याचा मला मनापासून राग येतो. मी व्हॉक्सेलचा आकार फोल्डरच्या नावातच लिहितो.

दुसरी चूक याहून वाईट, कारण ती दिसत नाही. एकदा आमच्याकडे गोगलगायीच्या शंखाचं स्कॅन आलं. वळणं डावीकडे जाणारी. बहुतेक गोगलगायींचे शंख उजव्या वळणाचे असतात, त्यामुळे सगळेच हरखले. दोन आठवडे मोजमापं घेतली. मग मूळ शंख डबीतून काढून पाहिला, तर तो सरळ उजव्या वळणाचा! कुणीतरी टिफचे काप, म्हणजे स्कॅनच्या एकेका थराची चित्रं, उलट्या क्रमाने लोड केले होते. एक अक्ष उलटला की नमुन्याची आरशातली प्रतिमा होते आणि ती कितीही फिरवली तरी मूळ रूपात येत नाही. शंख होता म्हणून कळलं. कवटी असती तर डावी-उजवी बाजू सारखीच दिसली असती आणि चूक तशीच छापली गेली असती.

तेव्हापासून स्कॅन करताना नमुन्याच्या उजव्या बाजूला आगकाडीचा तुकडा लावतो आणि मोबाइलवर फोटो काढून तोही फोल्डरमध्ये टाकतो. धातूची तार लावू नका, स्कॅनमध्ये रेघा उठतात.

सॉफ्टवेअरमधलं भोकं आपोआप बुजवणारं बटण कवटीच्या मॉडेलवर दाबू नका, नसांची छिद्रंही बुजतात. मॉडेलसोबत मूळ काप द्याच. संग्रहालयाची परवानगी आधी घ्या.

ड्राइव्हची लिंक म्हणजे शेअरिंग नव्हे, खातं बंद झालं की डेटा गेला. मॉर्फोसोर्ससारख्या ऑनलाइन डेटा-संग्रहात ठेवा, तिथे डीओआय, म्हणजे डेटाचा कायमचा ओळख क्रमांक, मिळतो. संग्रहालयांतले नमुने स्कॅन करणाऱ्या ओव्हर्ट प्रकल्पाने २०१७ ते २०२३ या काळात १३,०००हून अधिक पृष्ठवंशीय नमुन्यांची स्कॅन्स तिथे खुली केली. घाई असलेल्या नवशिक्यांनी त्यातली एक नोंद उघडून शेवटपर्यंत वाचावी आणि मग आपली भरायला घ्यावी. सुरुवात संग्रहालयाच्या नोंदणी क्रमांकापासून करा, ‘फायनल न्यू २’ या नावावरून नमुना कुणालाच सापडत नाही.