हिवाळ्याआधी गाडीचं काय काय बघायचं

मी अमळनेरहून धुळ्याला रोज गाडीने जाते. 35-40 किलोमीटर, निघायची वेळ सकाळी साडेसहा. आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, गाडीला कसला आलाय हिवाळा, असं मलाही वाटायचं. मग एका डिसेंबरात किल्ली फिरवली आणि बॉनेटखालून नुसतं टक-टक-टक. शेजारच्या दोन पोरांनी कानटोप्या घालून गल्लीच्या टोकापर्यंत गाडी ढकलली, मी सेकंड गिअरमध्ये क्लच सोडला, तेव्हा कुठे बाई जागी झाली. बॅटरीवाल्या आप्पांनी मीटर लावलं आणि हसले. "ताई, बॅटरी उन्हायामा मरनी, तुम्हले हिवायामा कयनं."

मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 ला टेकतो. त्या उष्णतेत बॅटरीतलं पाणी उडतं, आतल्या प्लेटा खराब होतात. पण गरम इंजिन सहज फिरतं, म्हणून दुखणं झाकून राहतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा सात-आठवर आला की ऑइल घट्ट होतं, स्टार्टरला जोर जास्त लागतो, आणि नेमकी तेव्हाच बॅटरीची ताकद थंडीने उतरलेली असते. दिवाळीचा फराळ संपला की मी एक रविवार गाडीला देते, तो यासाठी.

इलेक्ट्रिकच्या दुकानातून एक साधं मल्टिमीटर आणा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी सुरू करायच्या आधी बॅटरीवर लावा. 12.6 व्होल्टच्या आसपास असेल तर भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी उतरलेली. मग गाडी चालू करून पुन्हा बघा. बऱ्याचशा गाड्यांत 13.8 ते 14.4 दिसायला हवं. 13 च्याही वर जात नसेल तर बॅटरीला दोष देऊ नका, अल्टरनेटर (चालत्या इंजिनावर बॅटरी चार्ज करणारं यंत्र) किंवा त्याचा पट्टा दाखवून घ्या. बॅटरी चार वर्षांची झाली असेल आणि मीटर कुरकुरत असेल, तर मी सरळ बदलते. पहाटे लग्नाला निघताना नखरे नकोत.

माझ्या गाडीच्या प्लसच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरी पावडर साठलेली होती, फरसाणाच्या पुडीच्या तळाशी राहते तशी भुरभुरीत. करंट तिथेच अडत होता. हातमोजे घाला, दहाचा पाना घ्या, आधी मायनसची वायर काढा, मग प्लसची. गरम पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासा. फसफसून वर येतं, घाबरू नका. पाणी बॅटरीच्या बुचांतून आत जाऊ देऊ नका. कोरडं करून आधी प्लस, शेवटी मायनस जोडा आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरवा. हा क्रम पाळा, कारण प्लस खोलताना पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते.

टायरची हवा सकाळी, गाडी गार असताना बघायची. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की साधारण एक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा कमी दाखवते. ऑक्टोबरच्या दुपारी भरलेली हवा जानेवारीच्या पहाटे चार-पाचने खाली गेलेली असते, पंक्चर नसतानाही. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं. दुपारी टायर तापून आकडा वर गेला म्हणून हवा सोडू नका.

कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं रेडिएटरमधलं द्रव, गोठायची भीती खान्देशात नाही. पण उन्हाळ्यात कुणी बोअरचं पाणी ओतलं असेल तर ते काढून कूलंट भरा. पातेल्याला क्षार धरतो तसा रेडिएटरलाही धरतो. झाकण गार इंजिनवरच उघडा. डिझेलवाल्यांनी डॅशबोर्डवरची कॉइलची खूण (इंजिन आतून तापवणाऱ्या ग्लो-प्लगची) विझेपर्यंत थांबून मगच स्टार्टर मारावा. बंद शेडमध्ये मात्र गाडी गरम करत ठेवू नका, तो धूर जीव घेतो. उघड्यावर अर्धा मिनिट चालू ठेवा आणि पहिले दोन-तीन किलोमीटर सावकाश न्या.

मला खरा त्रास काचेचा होतो. वायपरचं रबर मे महिन्याच्या उन्हात कडक झालेलं असतं, दव पुसायला गेलं की करकरतं आणि रेघा ओढतं. रबर बदला, ते स्वस्त पडतं. काच आतूनही वर्तमानपत्राने पुसा, कारण आतल्या तेलकट थरावर वाफ लवकर धरते. वाफ धरली की हाताने पुसू नका. एसी लावा, हवेचा बाण काचेकडे करा आणि बाहेरची हवा आत घ्यायचं बटण ठेवा. थंडीत एसी म्हटलं की आमच्या सासूबाई अजून दचकतात, पण एसी हवेतला ओलावा काढून घेतो. हवं तर तापमानाचा खटका गरमकडे फिरवा.

धुकं असेल तर हेडलाइट खाली पाडा. वरचा उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला वळण कळत नाही. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेला निघालात तर शहाद्याकडे उसाच्या ट्रॉल्या असतात. मागे दिवा नाही, ऊस दोन हात बाहेर आलेला, आणि तो दिसतो तेव्हा ब्रेक मारायला जागा उरलेली नसते. आमच्या रस्त्यावर तीच गत कापसाच्या ट्रॉलीची. मी तेव्हा चाळीसच्या वर जात नाही, मागच्याने कितीही हॉर्न वाजवू दे.

आणि सकाळी बसायच्या आधी बॉनेटवर दोन थापा मारा. कापूस वेचून झाला की शेतातले उंदीर उबेला इंजिनात येतात, वायरी कुरतडतात, आणि त्यांच्या मागे मांजर. मागच्या जानेवारीत थाप मारली तर खालून एक बोका निघाला, तोंडावर काळं ऑइल. माझ्याकडे रागाने बघत कुंपणावरून गेला.