चौकटी कंसात संख्या मावत नाही

बीजीपीचे, म्हणजे नेटवर्के एकमेकांना इंटरनेटवरचे मार्ग कळवतात त्या पद्धतीचे, फिल्टर लिहायला शिकून मला आता बराच काळ लोटला असला, तरी चौकटी कंस टाइप करताना माझा हात आजही क्षणभर अडखळतो. शेजारच्या नेटवर्ककडून येणाऱ्या ज्या मार्गांच्या एएस पाथमध्ये, म्हणजे वाटेतल्या नेटवर्कांच्या क्रमांकांच्या यादीत, ६४५१२ ते ६५५३४ या खासगी पल्ल्यातला एखादा क्रमांक आढळेल ते नाकारायचे, एवढेच मला सांगितले होते. मी सिस्कोच्या एएस-पाथ अ‍ॅक्सेस लिस्टमध्ये (मार्ग गाळणाऱ्या नियमांच्या यादीत) डिनायपुढे, म्हणजे नकारापुढे, [64512-65534] लिहिले, त्याखाली बाकी सर्वांना परमिट, म्हणजे परवानगी, दिली, सॉफ्ट क्लिअर करून, म्हणजे जोडणी न तोडता, नवे नियम लागू केले आणि त्या शेजाऱ्याकडून आलेले जवळजवळ सगळे मार्ग नाहीसे झाले.

ही चूक सावकाश समजून घ्या, कारण वाचताना ती चूक वाटतच नाही. कॅरेक्टर क्लास, म्हणजे चौकटी कंसातला चिन्हांचा संच, एका वेळी एकच चिन्ह जुळवतो; संख्या म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नसते. मधली आडवी रेघ फक्त आपल्या लगतच्या दोन चिन्हांना जोडते. त्यामुळे राउटरला 6, 4, 5, 1 हे सुटे अंक, नंतर 2-6 हा पल्ला आणि नंतर पुन्हा 5, 5, 3, 4 हे सुटे अंक दिसले. या सगळ्याचा अर्थ एवढाच, की १ ते ६ यांपैकी कोणताही एक अंक चालेल. आणि असा एकही अंक नसलेला एएस पाथ शोधूनच काढावा लागेल.

योग्य उत्तर लांबलचक आहे, कारण पल्ला अंकाच्या स्थानानुसार फोडावा लागतो:

_(6451[2-9]|645[2-9][0-9]|64[6-9][0-9][0-9]|65[0-4][0-9][0-9]|655[0-2][0-9]|6553[0-4])_

दोन्ही टोकांच्या अधोरेषा गाळल्या, तर १६४५१२ सारख्या मोठ्या क्रमांकाच्या पोटातले ६४५१२ देखील जुळेल.

हा साचा पाहून धास्तावू नका. कागदावर एकदा स्वतः फोड केली की तो अर्ध्या तासात अंगवळणी पडतो. मात्र, "हे चिकटव, चालतं" म्हणणाऱ्या वरिष्ठांपासून चार हात दूर राहा. मला तयार ओळी देणाऱ्यापेक्षा कंसातला एकेक अंक मोठ्याने वाचायला लावणारा खडूस माणूसच अधिक उपयोगी पडला. रेगएक्स, म्हणजे असे जुळणीचे साचे, तपासणाऱ्या ऑनलाइन टेस्टरवरही विसंबू नका, कारण तिथे अधोरेषा हे साधे चिन्ह असते, तर सिस्कोच्या राउटरवर ती पाथची सुरुवात, शेवट किंवा मधली मोकळी जागा दर्शवते. फिल्टर लावण्याआधी तोच साचा 'शो आयपी बीजीपी रेगएक्सप' या आज्ञेपुढे देऊन कोणते मार्ग जुळतात ते पाहा. मी हे केले असते, तर यादी संपता संपत नाही हे तिथेच दिसले असते.