जुन्या गोदामातलं किचन आणि एक पातेलं स्टॉक

कचरा कमीत कमी करणाऱ्या रेस्टॉरंटमध्ये कामाला लागताय, म्हणजे साली-देठं वेगळी काढणं, डब्यावर तारीख लिहिणं तुम्हाला येतच असणार. त्यावर मी काही सांगत बसत नाही. मला ज्याने रडवलं तेवढंच सांगते.

आमचं किचन जुन्या गोदामात होतं. हातभर जाड दगडी भिंती. मागच्या साठवणीच्या खोलीत भर दुपारी शिरलं तरी अंगाला गारवा लागायचा. एका रात्री दिवसभराच्या साली, देठं, हाडं उकळून तीस लिटर स्टॉक, म्हणजे सूप-रश्शात घालायचं अर्क उतरलेलं पाणी, झाला. पातेल्यावर झाकण घातलं, त्या खोलीत ठेवलं आणि घरी गेले. वाटलं, फ्रिजवर भार नको, तेवढीच वीज वाचेल. सकाळी झाकण काढलं तर कडेने बारीक फेस, आंबूस वास, आणि डाव आत घातला तर मधला स्टॉक अजून कोमट.

अंगाला गार लागणाऱ्या खोलीवर विश्वास ठेवू नका. जाड भिंत उन्हाने लवकर तापत नाही, एवढाच तिचा गुण. रात्रीतून ती खोलीला फ्रिजसारखं थंड करत नाही. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस हा जंतू वाढण्याचा पट्टा. पातेलं जितकं खोल, तितका मधला भाग त्या पट्ट्यात रेंगाळतो. काही जंतूंचे बीजाणू, म्हणजे त्यांची टणक कवचातली सुप्त रूपं, उकळीतही टिकतात आणि स्टॉक सावकाश निवायला लागला की वाढीला लागतात. "एक उकळी काढ, सगळं जातं," असं मला एका सीनियरने सांगितलं. असलं अजिबात ऐकू नका. बॅसिलस सिरियस या जंतूचं उलट्या करवणारं विष उकळल्याने जात नाही.

अमेरिकेच्या फूड कोडचा, म्हणजे तिथल्या अन्नसुरक्षेच्या नियमावलीचा, नियम मी पाठच केलाय: शिजवलेलं अन्न ५७ अंशांवरून २१ वर २ तासांत यायला हवं, आणि ५ वर एकूण ६ तासांत. म्हणून स्टॉक आधी आटवून निम्म्याहून कमी करा, उथळ ट्रेमध्ये चार बोटांपेक्षा कमी थर ओता, ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवा, ढवळा, थर्मामीटर मधोमध बुडवून बघा, मग फ्रिज.

तो स्टॉक ओतून दिला तेव्हा सगळ्यात जास्त गॅसचं वाईट वाटलं. साली सरळ कंपोस्टला गेल्या असत्या तर निदान तो तरी वाचला असता. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. हा आकडा मी कामाला लागताना ऐकला होता, त्या सकाळी त्यातला माझा वाटा डोळ्यांसमोर होता.

तरी घाबरू नका. नोकरी गेली नाही, कुणी आजारी पडलं नाही. खिशात थर्मामीटर ठेवणाऱ्या माणसाच्या हाताखाली शिका. "बोटाला कळतं" म्हणणारे कितीही प्रेमळ असोत, स्टॉकच्या बाबतीत त्यांचं मानू नका.

आणि जुन्या इमारतीत पहिल्याच दिवशी विचारून घ्या: फरशीला उतार कुठे आहे, पाणी कुठून जातं, धुराडं कुठे निघतं. मूळ बांधणी स्वयंपाकासाठी झालेली नसते.

रात्री सगळे निघालेले असतात आणि कुणीतरी म्हणतं, "आता एवढं ट्रेमध्ये ओतत बसणार?" हो, बसा. वीस मिनिटं लागतात.