इन्स्टॉलरमध्ये कोणते ड्रायव्हर घालायचे?

विंडोज किंवा लिनक्स बसवायचा पेनड्राइव्ह तयार करताना नवखा माणूस आधी ग्राफिक्स आणि साउंडचे ड्रायव्हर (म्हणजे हार्डवेअर चालवणारे प्रोग्रॅम) गोळा करतो. आधी प्रत्येक ड्रायव्हरला एकच प्रश्न लावा: हा पहिल्या रीबूटनंतर टाकला तर चालेल का? चालणार असेल तर बाहेर. साउंड, प्रिंटर, ब्लूटूथ तिथेच गळतात. ग्राफिक्सही बहुधा गळतं, कारण यूईएफआयनं (मदरबोर्डच्या फर्मवेअरनं) दिलेला फ्रेमबफर, म्हणजे साधं चित्र दाखवण्याची मेमरी, इन्स्टॉलरच्या पडद्याला पुरतो.

उरतं ते असं: पेनड्राइव्ह लावलेलं पोर्ट, कीबोर्ड आणि सिस्टम जिच्यावर बसणार ती डिस्क. नेटवरून इन्स्टॉल करायचं असेल तर नेटवर्क कार्डही.

पोर्टला हलक्यात घेऊ नका. विंडोज ७ मध्ये यूएसबी ३ च्या एक्सएचसीआय कंट्रोलरचा ड्रायव्हर नव्हता, आणि २०१५ च्या इंटेल स्कायलेकपासून यूएसबी २ चा जुना ईएचसीआय कंट्रोलर गेला. पेनड्राइव्हवरून बूट व्यवस्थित व्हायचं, कारण तोवर वाचण्याचं काम फर्मवेअर करत होतं. कर्नलनं (विंडोजच्या गाभ्यानं) ताबा घेतला की कीबोर्ड-माउस बंद, आणि पडद्यावर सीडी-डीव्हीडीचा ड्रायव्हर नसल्याचा संदेश! डीव्हीडीचा तिथे काही संबंध नसायचा. सेटअपला स्वतःचाच पेनड्राइव्ह दिसत नव्हता.

डिस्कसाठी एनव्हीएमई (नव्या वेगवान एसएसडींचा) आणि एएचसीआय (साटा डिस्कांचा) हे ड्रायव्हर हवेतच. व्हर्च्युअल मशीनसाठी तिच्या आभासी डिस्कचा व्हर्टआयओ, सर्व्हरसाठी अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या रेड कार्डांचे. लॅपटॉपची एनव्हीएमई डिस्क दिसत नसेल तर बायोसमध्ये इंटेल व्हीएमडी (एनव्हीएमई डिस्क स्वतःच्या ताब्यात घेणारी सोय) चालू आहे का ते बघा. चालू असेल तर डिस्क त्याच्या आड जाते आणि व्हीएमडीचा ड्रायव्हर नसेल तर नुसता एनव्हीएमईचा कामाचा नाही.

यादी अंदाजानं करू नका. लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून प्रत्येक मॉडेल सुरू करा, ‘एलएसपीसीआय’ (lspci) ही कमांड ‘-एनएनके’ (-nnk) जोडून चालवा. प्रत्येक उपकरणाचा आयडी आणि वापरात असलेला ड्रायव्हर एकत्र दिसतो. मग ‘डीमेसेज’मध्ये (dmesg, कर्नलच्या संदेशांची नोंद) फर्मवेअरच्या तक्रारी शोधा, कारण वायफायचा ड्रायव्हर असूनही कार्डात भरायची फर्मवेअरची फाइल नसेल तर कार्ड उठत नाही. याच अडचणीपायी डेबियन या लिनक्सनं २०२२ मध्ये मतदान घेतलं आणि २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून अधिकृत इन्स्टॉलरमध्ये असं फर्मवेअर घातलं.

डिस्कचा ड्रायव्हर दोन ठिकाणी लागतो: इन्स्टॉलरला आणि बसवलेल्या सिस्टमला. विंडोजमध्ये ‘डिस्म’ (DISM) कमांडनं तो बूट-विमच्या (boot.wim, इन्स्टॉलर चालवणारी फाइल) दुसऱ्या इंडेक्समध्ये टाका आणि इन्स्टॉल-विममध्येही (install.wim, डिस्कवर बसणारी सिस्टम). लिनक्सवर बसवलेल्या सिस्टमच्या इनिट-रॅम-एफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला मेमरीत येणाऱ्या छोट्या सिस्टममध्ये) तो आला का ते तपासा, डेबियन-उबुंटूत ‘एलएसइनिटरॅमएफएस’ (lsinitramfs) कमांडनं. नाहीतर इन्स्टॉल शंभर टक्के पूर्ण होतं आणि रीबूटनंतर रूट विभाजन, म्हणजे सिस्टम बसलेला डिस्कचा भाग, सापडत नाही.