टाकी बदलली की वेट किती काढायचं, किती लावायचं

अंदमानात नाहीतर तारकर्लीला स्कूबा डाईव्हिंग शिकलेल्या आपल्यातल्या बहुतेकांच्या पाठीवर हवेची एकाच प्रकारची टाकी चढलेली असते, ॲल्युमिनियम ८० (हे टाकीच्या मापाचं नाव). मग कधीतरी माल्टाला वगैरे गेलं की हातात येते स्टीलची १२ लिटर, तिथला माणूस विचारतो वेट (बुडायला अंगावर लावायची वजनं) किती देऊ, आणि आपण नेहमीचा आकडा सांगून मोकळे. मी गोझोला (माल्टाचंच एक बेट) हेच केलं. हॅवलॉकला ६ किलो लावायचो (सूट ५ मिमीचा, मला अंदमानातही थंडी वाजते, हसा खुशाल), तिथेही ६ सांगितले. खाली गेल्यावर बीसीडीत (तरंगण्यासाठी हवा भरायचं जाकीट) हवा भर, परत भर, पाय लोंबकळतायत, सगळे माझ्यापुढे आडवे तरंगत चाललेत आणि मी गोणी ओढल्यासारखा मागून, हवा अर्थात सगळ्यात आधी माझीच संपली. दुसऱ्या डाईव्हला ३ किलो काढले आणि सगळं जागेवर आलं.

आता हे ३ आले कुठून? बऱ्याच जणांना वाटतं की स्टील जड आणि ॲल्युमिनियम हलकं म्हणून, पण जमिनीवर उचलून बघा, दोन्ही टाक्या साधारण १४-१४.५ किलोच्याच. फरक आकारमानात आहे. ॲल्युमिनियम तेवढं मजबूत नसतं म्हणून भिंत जाड करावी लागते, टाकी फुगते आणि जास्त पाणी बाजूला सारते, म्हणून तरंगते.

हिशोब घरी करता येतो. धातूचं वजन भागिले घनता (स्टील ७.८, ॲल्युमिनियम २.७), त्यात आतले लिटर मिळवा, आलेल्या आकड्याला समुद्रासाठी १.०२५ ने गुणा, म्हणजे पाणी टाकीला किती किलोने वर ढकलतं ते कळलं. त्यातून टाकीचं वजन आणि व्हॉल्व्हचे साधारण ७००-८०० ग्रॅम वजा करा. ॲल्युमिनियम ८० मध्ये ११.१ लिटर मावतात, ती रिकामी असताना जवळजवळ २ किलोने तरंगते. १४ किलोची १२ लिटर स्टील रिकामी असतानाही अर्धा-पाऊण किलोने बुडते, थोडी जड बनावटीची असेल तर १ किलोने. प्लस २ वरून मायनस १ वर आलात म्हणजे ३ किलो काढायचे, झालं. युरोपातल्या टाकीच्या खांद्यावर लिटर आणि रिकामं वजन कोरलेलं असतं, ते बघा, कारण स्टीलमध्ये बनावटीनुसार किलोभराचा फरक सहज पडतो. कंपनीचा तक्ता मिळाला तर उत्तमच, फक्त आकडे व्हॉल्व्हसकट आहेत की नाही आणि गोड्या पाण्याचे आहेत की खाऱ्या, एवढं वाचून घ्या.

आणि तुलना नेहमी रिकाम्या टाकीची रिकाम्या टाकीशी. भरलेल्याची नाही! बाहेरच्या साध्या १ लिटर हवेचं वजन १.२ ग्रॅम, म्हणजे १२ लिटरची टाकी २०० बारवरून (बार हे टाकीतल्या दाबाचं माप) ५० वर आणली की १२ गुणिले १५० लिटर, म्हणजे २ किलोच्या वर हवा तुम्ही श्वासातून सोडून दिलेली असते. भरलेली ॲल्युमिनियम ८० सुरुवातीला बुडतेच, सगळं मस्त वाटतं, ती दगा देते शेवटी, सेफ्टी स्टॉपला (वर येण्याआधी ५ मीटरवर थोडं थांबतात तेव्हा). म्हणूनच उलटा बदल मला जास्त धोक्याचा वाटतो. स्टीलवरून ॲल्युमिनियमवर आलात आणि वेट वाढवायला विसरलात, तर ५ मीटरवर थांबता येत नाही, बीसीडी पूर्ण रिकामी करूनही बुचासारखे वर.

हिशोब कागदावरचा, खात्री पाण्यातच. पहिला डाईव्ह उथळ ठेवा, शेवटी ५० बार उरले असताना ५ मीटरवर बीसीडी पूर्ण रिकामी करा आणि नेहमीसारखा श्वास घ्या. जागच्या जागी राहिलात तर बरोबर, बुडत असाल तर पुढच्या वेळी १ किलो कमी, वर जात असाल तर लगेच बडीकडून (सोबतच्या डाईव्हरकडून) १ किलो घ्या (एकाकडे जास्तीचं वेट देऊन ठेवायचं, आधीच).

एका वेळी एकच गोष्ट बदला म्हणतात ते बरोबर आहे, पण ट्रिपवर तसं जमतंच असं नाही. समुद्र सोडून इंग्लंडमधल्या स्टोनी कोव्हसारख्या गोड्या पाण्याच्या खाणीत गेलात, तर सामानासकट १०० किलोच्या माणसाच्या वेटमधून आणखी २.५ किलो कमी होतात, पण तिथल्या थंडीत सूट जाड लागतो आणि तो जास्त तरंगतो म्हणून वेट परत वाढवायला लावतो. अशा वेळी टाकीचा फरक वेगळा मांडा, पाण्याचा वेगळा, सुटाचा पाण्यात उतरून बघा.

वेट कुठून काढता यानेही फरक पडतो. स्टीलचं वजन पाठीवर असतं, ती तुम्हाला उताणं करायला बघते, त्यामुळे टाकीच्या पट्ट्यावर खिशात वेट असेल तर आधी ते काढा, कमरेचं पुढे सरकवा. ॲल्युमिनियमचं बूड शेवटी वर उचललं जातं, तिथे १ किलो पट्ट्यावर घ्यायला हरकत नाही. आणि स्टीलमुळे बेल्टवर काहीच उरलं नसेल, तर अडचणीत टाकून द्यायलाही काही उरलेलं नाही हे लक्षात घ्या. अशा वेळी खोल जाण्याआधी, टाकी भरलेली असतानाच, बीसीडी एकटी तुम्हाला वर उचलते का ते ५-६ मीटरवर तपासून घ्या, कारण खोलात सूट दबून आणखी जड व्हाल.

लॉगबुकात नुसतं "६ किलो" लिहू नका, टाकी, सूट आणि पाणी कुठलं तेही लिहा. मी गोझोच्या आधीच्या सगळ्या पानांवर नुसता आकडा लिहिलाय.